गिऱ्हाइकाचा नकार : गौतम राजाध्यक्ष यांची व्यक्तिछायाचित्रे आणि ‘स्वतःच्या’ कामाची संकल्पना

९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला. त्यांची थोरली मुलगी त्या दिवशी प्रथमच वडिलांबरोबर मैफलीत गायली. तिला नऊ वर्षे पूर्ण व्हावयाची होती. या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी एक छायाचित्र काढण्यात आले होते. २०२१ साली लता मंगेशकर यांनी स्वतःच ते पुन्हा लोकांसमोर ठेवले तेव्हा त्याकडे जाहिरात म्हणून पाहणे कोणालाही शक्य नव्हते. तिकिटे खपावीत या निव्वळ व्यावहारिक हेतूने मागवलेली, पैसे देऊन काढून घेतलेली ती प्रतिमा आता एका आयुष्याच्या आरंभाची खासगी खूण झाली होती. प्रतिमेतला एकही कण बदललेला नव्हता. बदलली होती ती तिच्याकडे पाहणाराची अपेक्षा.

व्यक्तिछायाचित्रकाराच्या कामाची ‘मागणीवरून केलेले’ आणि ‘स्वतःसाठी केलेले’ अशी जी वाटणी आपण सहजपणे करतो, ती या एका उदाहरणानेही डळमळू लागते. ही वाटणी छायाचित्रणाच्या चर्चेत साहित्यविचारातूनच आली असावी. मराठी समीक्षेला ‘मागणी’ या शब्दाचा जुना संशय आहे. बाहेरून आलेली मागणी म्हणजे कृत्रिमता आणि आतून आलेली प्रेरणा म्हणजे सच्चेपणा, हे समीकरण स्वच्छंदतावादी विचारातून आपल्याकडे आले. पुढे कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या सौंदर्यवादी भूमिकेने त्याला निराळ्या मार्गाने बळकटी दिली. दिवाळी अंकासाठी संपादकाच्या तगाद्याने लिहिलेली कथा चांगली निघाली तरी ती ‘तगाद्याने लिहिली’ हे सांगताना लेखक थोडा ओशाळतो. वास्तविक पुणे आकाशवाणीने १९५५ साली ग. दि. माडगूळकरांकडून दर आठवड्याला एक याप्रमाणे गीते मागवली नसती, तर ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते अस्तित्वात आली असती असे म्हणणे कठीण आहे. मागणीने तेथे विषय दिला, मुदत दिली, मोजमाप दिले आणि श्रोताही दिला. (सौंदर्यभावनेच्या शुद्धतेचा विचार मांडणारे मर्ढेकर स्वतः आकाशवाणीचे नोकर होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात चरित्रात्मक तपशील म्हणूनच नोंदली जाते, तिचा सैद्धांतिक अन्वय लावण्याचा प्रयत्न फारसा होत नाही.)

छायाचित्रकाराच्या बाबतीत ही वाटणी अधिकच ढोबळ ठरते, कारण येथे लेखनातल्याप्रमाणे मागणारा आणि करणारा असे दोनच पक्ष नसतात. व्यक्तिछायाचित्रात चार पक्ष असतात : समोर बसणारा, पैसे देणारा, चित्र काढणारा आणि चित्र पाहणारा. यांपैकी कोण कोणाशी एकरूप आहे यावर त्या चित्राची नीती आणि पुष्कळदा त्याची शैलीही ठरते. ‘मागणीचे’ काम हा एकच प्रकार आहे असे समजल्यामुळे ही गुंतागुंत नजरेआड होते.

सोलापूरसारख्या शहरातला जुना स्टुडिओ डोळ्यांपुढे आणावा. १८७७ साली ‘जुनी गिरणी’ उभी राहिल्यापासून या शहरात रोख मजुरी हातात पडणारा एक मोठा वर्ग तयार झाला. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच पेठेत वावरू लागली. अशा शहरात फोटो स्टुडिओ हे राजेरजवाड्यांच्या चैनीचे साधन उरत नाही. स्टुडिओत येणारा कामगार स्वतःच्या कमाईतून पैसे मोजतो. रंगवलेला पडदा, लाकडी कठडा, तिपाईवरची फुलदाणी, प्रसंगी स्टुडिओवाल्याने पुरवलेला कोट, मनगट किंचित पुढे करून दाखवलेले घड्याळ. या साऱ्या सामग्रीला खोटेपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. परंतु येथे बसणारा आणि पैसे देणारा एकच आहे. आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार त्याने रोख रक्कम देऊन विकत घेतला आहे. छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसतो, ती या अधिकारापोटी. चित्र पसंत न पडल्यास गिऱ्हाईक ते नाकारू शकते. गिऱ्हाइकाच्या या नकाराला छायाचित्रणाच्या सौंदर्यशास्त्रात अद्याप स्थान मिळालेले नाही.

अर्थात हा अधिकार सर्वांना सारखा मिळत नव्हता. लग्न जुळवण्यासाठी काढलेल्या मुलीच्या फोटोत बसणारी मुलगी असते, पैसे देणारा बाप असतो आणि पाहणारे परके असतात. तेथे गिऱ्हाइकाचा नकार म्हणजे मुलीचा नकार नव्हे. उलट बाजूने हैदराबादचे उदाहरण घेता येईल. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली तेथे जनाना स्टुडिओ सुरू केला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. पडद्यातल्या स्त्रियांच्या अटी मान्य केल्याखेरीज त्यांचे चित्रण शक्यच नव्हते. म्हणजे बसणाऱ्या व्यक्तीच्या संकोचाने एका व्यवसायाची रचनाच बदलली. आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा सरकारी प्रकल्प आहे. त्यात माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून उभी आहेत. त्यांनी पैसे दिलेले नाहीत, चित्र मागितलेले नाही आणि ते आपल्याला दाखवले जाईल अशी अपेक्षाही त्यांनी ठेवलेली नसणार. हेही मागणीचेच काम. फक्त मागणारे सरकार आहे. स्टुडिओतले घड्याळ आणि या खंडांतला ‘नमुना’ यांना एकाच सदरात बसवणारी संज्ञा विश्लेषणाला निरुपयोगी आहे, हे वेगळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या कामाचा विचार केला तर काही वेगळे प्रश्न हाती लागतात. मराठी वाचकांना त्यांचे नाव दोन्ही अंगांनी परिचित आहे : हिंदी चित्रपटतारकांचा छायाचित्रकार म्हणून आणि ‘चेहरे’ या पुस्तकाचा कर्ता म्हणून. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले राजाध्यक्ष १९७४ साली लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात रुजू झाले, पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९८७ साली नोकरी सोडून पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. १९८० पासून चित्रपटव्यवसायातील व्यक्तींची छायाचित्रे ते काढू लागले होते. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे त्यांनी संपादन केले; ‘बेखुदी’ (१९९२) आणि ‘अंजाम’ (१९९४) या चित्रपटांचे लेखनही त्यांच्या नावावर आहे. १९९७ साली ‘फेसेस’ हे पंचेचाळीस चित्रपटकलावंतांची छायाचित्रे आणि त्यांच्यावरील टिपणे असलेले इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचा पल्ला दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचा आहे.

नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी तारकेचे चित्र काढताना चार पक्षांची मांडणी अशी होते : बसणारी तारका, पैसे देणारे नियतकालिक किंवा निर्माता, पाहणारा अंक विकत घेणारा वाचक. सोलापूरच्या कामगाराप्रमाणे तारका पैसे देत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर पुष्कळांचा धंदा उभा असल्याने तिच्या नापसंतीला वजन असते. म्हणजे गिऱ्हाईक नसूनही गिऱ्हाइकाचा नकार तिच्यापाशी आहे. राजाध्यक्षांच्या मागणीच्या कामाची शैली या नकाराचा आगाऊ विचार करून घडलेली आहे. मृदू, पसरलेला प्रकाश, चेहऱ्यावरची सावली तुटक न होता उतरत जाणारी, पार्श्वभूमी जवळजवळ विरघळलेली, आणि डोळे. त्यांच्या चित्रांत डोळ्यांना जे महत्त्व आहे ते मराठी रंगभूमीवरील मुद्राभिनयाच्या परंपरेशी जोडून पाहण्यासारखे आहे; येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो ‘फेसेस’ आणि ‘चेहरे’ यांच्यापाशी. पुस्तक ही छायाचित्रकाराची स्वतःची निवड असते. कोणाला घ्यावयाचे, कोणती मुद्रा निवडावयाची, तिच्याशेजारी काय लिहावयाचे हे तोच ठरवतो. अशा पुस्तकात तरी मुखपृष्ठांवरच्या सौजन्याचा पडदा दूर होईल, आजवर मागणीमुळे दडपलेली दृष्टी प्रकट होईल, अशी अपेक्षा आधुनिकतावादी संस्कार झालेला समीक्षक करतो. ती अपेक्षा येथे पुरी होत नाही. प्रकाश तोच आहे, आदर तोच आहे, चेहऱ्यापासूनचे अंतरही तेच आहे. मुखपृष्ठावरचे चित्र पुस्तकात यावे आणि पुस्तकातले चित्र मुखपृष्ठावर छापावे, कोणाला फरक जाणवू नये, इतके हे साम्य आहे. राजाध्यक्षांवर होणारा ‘गोड चित्रे काढणारा’ हा आक्षेप प्रामुख्याने याच अनुभवावर उभा आहे.

हा आक्षेप तपासताना रिचर्ड ॲव्हेडन या अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण उपयोगी पडते. फॅशनच्या नियतकालिकांसाठी आयुष्यभर काम करून ‘गंभीर’ छायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेला तो सर्वांत प्रसिद्ध दाखला आहे. त्याच्या गांभीर्याचा पुरावा म्हणून दोन कामे पुढे केली जातात : १९७४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मांडलेली त्याच्या मरणोन्मुख वडिलांची चित्रे आणि १९८५ साली प्रदर्शित झालेली अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, भटके, खाटीकखान्यातले मजूर यांची चित्रे. गंमत अशी, की दुसरे काम टेक्सासमधल्या एका कलासंग्रहालयाने सोपवलेले होते. म्हणजे ते मागणीचेच. तरीही त्याला ‘स्वतःचे’ काम म्हटले जाते, आणि तसे म्हणण्यामागे एक कारण आहे जे सहसा उच्चारले जात नाही. पांढऱ्या कागदापुढे उभ्या असलेल्या त्या मजुराला चित्र नाकारण्याची सोय नव्हती. त्याने संमतीच्या कागदावर सही केली असेल. पण कोणते चित्र निवडावे, ते किती मोठे करावे, त्यातून कोणता अमेरिकन पश्चिम उभा करावा, यावर त्याचा अधिकार नव्हता. फॅशनच्या चित्रात हा अधिकार संपादकाकडे होता. येथे तो सर्वस्वी ॲव्हेडनकडे आला. ‘स्वतःचे काम’ या संज्ञेतला ‘स्वतः’ कोण, याचे उत्तर येथे मिळते. तो छायाचित्रकार आहे. समोर बसलेला माणूस नव्हे. चित्र जितके छायाचित्रकाराचे होते तितके ते बसणाऱ्याचे राहत नाही.

रोलाँ बार्थ याने १९८० सालच्या आपल्या शेवटच्या पुस्तकात कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या चार रूपांचे विवेचन केले आहे : माणूस स्वतःला जो समजतो तो, इतरांनी आपल्याला जो समजावे असे त्याला वाटते तो, छायाचित्रकार त्याला जो समजतो तो, आणि आपली कला दाखवण्यासाठी छायाचित्रकार ज्याचा वापर करतो तो. स्टुडिओचे चित्र दुसऱ्या रूपाशी इमान राखते. आधुनिक कलाविचाराने थोर मानलेली बहुतेक व्यक्तिछायाचित्रे तिसऱ्या आणि चौथ्या रूपांची असतात. यात श्रेष्ठकनिष्ठता लावण्यापूर्वी एवढे तरी मान्य करावयास हवे, की दुसऱ्या रूपाची किंमत समोरच्या माणसाला ठाऊक असते आणि चौथ्याची किंमत त्याला कळतेच असे नाही. जर्मनीत आउगुस्ट झांडर याने ही कोंडी निराळ्या तऱ्हेने सोडवली. शेतकरी, कारागीर, व्यापारी आपली चित्रे काढून घेण्यासाठी त्याच्याकडे येत. त्यांतली काही चित्रे त्याने पुढे समाजाच्या विराट आलेखात मांडली. १९२९ साली त्यातून निवडक साठ चित्रांचे पुस्तक निघाले. चित्रे मागणीची, क्रम स्वतःचा. बसणारा आपल्या रुबाबात बसलेला आहे आणि त्या रुबाबाचाच अर्थ झांडर लावतो आहे. नाझी राजवटीने १९३६ साली त्या पुस्तकाचे ठसे नष्ट केले, हे लक्षात घेता गिऱ्हाइकाच्या मर्जीने काढलेली चित्रे निरुपद्रवी असतात हा समज टिकत नाही.

राजाध्यक्षांनी केले ते ॲव्हेडनच्या उलट. गिऱ्हाइकाला असलेला नकाराचा हक्क त्यांनी आपल्या ‘स्वतःच्या’ कामातही समोरच्या माणसाकडेच राहू दिला. पुस्तकात ज्यांना त्यांनी घेतले त्या प्रत्येकाला, आपले हे चित्र घरात लावावेसे वाटेल अशी दक्षता त्यांनी घेतलेली दिसते. हा केवळ व्यावसायिक सवयीचा परिणाम मानणे अपुरे आहे. त्यांचे लेखन चित्रांसोबत वाचले म्हणजे या वृत्तीचे मूळ मराठी व्यक्तिचित्र या लेखनप्रकारात सापडते. ‘गणगोत’मधील पु. ल. देशपांडे यांची व्यक्तिचित्रे आठवावीत : लेखक ज्याच्याविषयी लिहितो त्याच्या ऋणात आहे, आणि ते ऋण मान्य करणे हाच लेखनाचा सूर आहे. दोष येतात ते लकबी म्हणून. त्यांचा पंचनामा होत नाही. गुणग्राहकता हे तेथे जाणून घेण्याचे साधन असते. राजाध्यक्षांचा कॅमेरा हा या अर्थाने मराठी मध्यमवर्गीय गुणग्राहकतेचा कॅमेरा आहे. चित्रपटाच्या बहुभाषिक झगमगाटात त्यांनी हा घरगुती शिष्टाचार नेला, आणि तारकांना तो मानवला.

या वृत्तीची फळे सर्वत्र सारखी नाहीत. तरुण तारकांच्या चित्रांत ती बहुतेकदा वाया जाते. ज्या चेहऱ्यावर अद्याप काही लिहिले गेलेले नाही त्याला अधिक नितळ करण्यात अर्थ उरत नाही. तेथे रंगभूषा, प्रकाश आणि शिष्टाचार एकाच दिशेने काम करतात आणि चित्रात ताण राहत नाही. पाने उलटताना एक चेहरा दुसऱ्यात मिसळतो. हा दोष खरा आहे आणि प्रेमाने झाकण्याजोगा नाही. वृद्ध कलावंतांकडे वळताच मात्र परिस्थिती पालटते. दुर्गा खोटे यांचा जन्म १९०५ सालचा. राजाध्यक्ष व्यक्तिछायाचित्रणाकडे वळले तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठलेली होती. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधल्या तारामतीची स्मृती प्रेक्षकाच्या मनात, आणि समोर हा चेहरा. सुरकुती येथे पुसता येत नाही. पुसली तर माणूसच नाहीसा होतो. म्हणून तोच मृदू प्रकाश येथे वेगळे काम करतो. तो वय लपवत नाही, वयाला बसावयास आसन देतो. सौजन्याला प्रतिकार करणारे काहीतरी चेहऱ्यातच असले, की राजाध्यक्षांची शैली जिवंत होते. त्यांच्या गायकांच्या आणि रंगभूमीवरील ज्येष्ठांच्या चित्रांबाबतही हे म्हणता येईल.

तरीही या शिष्टाचाराची एक सीमा आहे आणि ती शैलीत नाही, निवडीत आहे. नकाराचा हक्क राजाध्यक्ष ज्यांना देतात, त्यांना तो समाजाने आधीच दिलेला असतो. ज्याच्यापाशी तो नाही त्याच्यासमोर कॅमेरा धरताना काय करावे, हा प्रश्न त्यांच्या कामात उद्भवतच नाही. संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात तो पानोपानी उद्भवतो. तमाशातली कलावंतीणही दिसण्याचाच व्यवसाय करते. तारकेइतकीच ती आपल्या प्रतिमेची जाणकार असते. पण तिच्या नापसंतीमुळे कोणाचे मुखपृष्ठ अडत नाही. राहुटीतले, प्रवासातले, रंग उतरल्यानंतरचे चित्रण करताना छायाचित्रकाराला तिचा हक्क स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळला गेला आहे की नाही हे प्रत्येक चित्रापाशी थांबून विचारावे लागते. राजाध्यक्षांच्या पुस्तकात वाचकावर अशी पाळी येत नाही. वाचकाला मिळणारा हा निवांतपणाच त्या पुस्तकाची खरी मर्यादा आहे.

मराठी वाङ्मयात हा पेच यापूर्वीच येऊन गेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील माणसे कमालीच्या आस्थेने रेखाटलेली आहेत. पण त्या माणसांपैकी किती जणांना ते पुस्तक वाचता आले असते, हा प्रश्न आस्थेने सुटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्याच हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) प्रसिद्ध झाले तेव्हा चित्रित होणाऱ्यानेच लेखणी हाती घेतली होती. दलित आत्मकथनांवरील चर्चेत अनुभवाच्या दाहकतेला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे या अधिकारांतराला मिळाले नाही. बसणारा आणि काढणारा तेथे एक झाले, पण त्याच्याबरोबर आई, आजी, वस्तीतली माणसे हीही चित्रात येऊन बसली. नकाराचा हक्क त्यांनाही होता काय, हा प्रश्न आत्मकथनाच्या समीक्षेने टाळण्याजोगा नाही. छायाचित्राच्या विचारातून साहित्यविचाराकडे परत न्यावयाचे काही असेल तर ते हे.

राहिला प्रश्न साधनांचा. राजाध्यक्षांची पुस्तके उपलब्ध आहेत, भंडारे यांचीही आहेत. कलासंग्रहालये आणि प्रकाशक छायाचित्रकाराचे ‘स्वतःचे’ काम जपतात. गावोगावच्या स्टुडिओंमधले मागणीचे काम मात्र गिऱ्हाइकांच्या घरी भिंतीवर, ट्रंकेत, देवघरात विखुरलेले आहे. पुन्हा प्रती लागतील म्हणून स्टुडिओवाले क्रमांक घालून निगेटिव्ह ठेवत आणि नाव, आकार, प्रतींची संख्या, दर यांची वही ठेवत. डिजिटल कॅमेरा आल्यावर पुन्हा प्रत मागावयास येणारे गिऱ्हाईक थांबले आणि ती खोकी अडगळ ठरली. अशी खोकी आणि त्यांच्या वह्या जेथे अजून शिल्लक असतील तेथे अभ्यासकाने आधी वही पाहावी. कोणी पैसे दिले, कोणाचे चित्र निघाले आणि कोणते चित्र गिऱ्हाइकाने न नेता तसेच ठेवले, हे चित्रावरून कळत नाही. वहीवरून कळू शकते.